लग्नाला गेलेलं जातं

“लग्नाला गेलंय म्हणजे?”

तनया मॅडमनी ती चिठ्ठी दोन बोटांत इतकी अलगद धरली होती, की तीसुद्धा संग्रहातली एखादी जुनी वस्तू असावी. खिडकीखाली चौरंग होता. चौरंगावर जातं नव्हतं. जात्याच्या बुडाएवढं, धूळ न बसलेलं एक गोल तेवढं होतं, आणि त्या गोलाच्या मधोमध ही चिठ्ठी ठेवलेली होती: ‘क्र. १७. लग्नाला गेले आहे. मंगळवारी येईल.’

“हळदीला, मॅडम,” नसीबा म्हणाली. “कोंडाण्याला. कान्हाच्या पोरीचं लग्न आहे ना परवा.”

“कोण कान्हा?”

“जात्याचा नातू.”

मागे उभ्या असलेल्या अजेयनं डोळे मिटून घेतले.

अजेय हा वाचनालयाच्या समितीचा अध्यक्ष. कर्जतच्या त्या इमारतीत खाली वाचनालय आणि वर माडीवर हा वस्तुसंग्रह. तो जमवला अजेयच्या वडिलांनी, अप्पांनी. अप्पा शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले, समोर वर्ग उरला नाही, तेव्हा ते वस्तू गोळा करत सुटले. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतली गावं त्यांनी पालथी घातली आणि प्रत्येक गावात त्यांच्या मागोमाग पिशवी घेऊन नसीबा असायची. वाचनालयात झाडलोट करायला लागली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, आता एक्कावन्नची. अप्पा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून दोनशे चौदा वस्तूंची पुसापुशी, मोजदाद, उघडझाप सगळं तीच बघत होती. हुद्दा असा काही नव्हता. कुणी विचारलंच तर ती ‘वरची’ म्हणून सांगायची, कारण खाली ग्रंथपाल बसायचे.

आता सरकारची नवी योजना आली होती. लहान गावांतल्या संग्रहांना छप्पर, काचेची कपाटं, दिवे, आणि सांभाळणाऱ्या माणसाला कायमचा हुद्दा. अजेयनं अर्ज केला, तो नशिबानं पुढं सरकला, आणि आज तनया मॅडम पाहणीला आल्या होत्या. मंजूर झालं तर माडी वस्तूंची. नाही झालं तर मार्चअखेर तिथं स्पर्धा परीक्षांच्या मुलांची अभ्यासिका. तसा ठराव समितीनं लिहून तयारच ठेवला होता. वस्तू मग जिल्ह्याच्या कोठारात जाणार होत्या. नसीबाला हे सगळं ठाऊक होतं. पंधरा दिवस ती चिंचेनं पितळ घासत होती, बोटांची सालं निघाली तरी.

“भेटवही बघू?” मॅडम म्हणाल्या.

भेटवहीत वर्षभरात अकरा सह्या होत्या, त्यातल्या तीन अजेयच्या स्वतःच्याच. मॅडमनी पानं उलटली. अजेय उगाच खोकला.

आणि इथंच नसीबानं चूक केली. तिला बिचारीला ती चूक वाटलीच नाही. तिला वाटलं, इकडे कुणी फिरकतच नाही असा मॅडमचा समज होतोय, तो आधी दूर करावा. ती लगबगीनं टेबलाखालून दुसरी वही घेऊन आली. जाडजूड, लाल कापडी पुठ्ठ्याची, तीनदा शिवलेली.

“ही बघा ना. ही ने-आण वही.”

त्या वहीत रिकामं पान शोधून सापडलं नसतं. तांब्याचं घंगाळ, बारशाला, दोन दिवस. समया एक जोडी, वास्तुशांत. तबक आणि अत्तरदाणी, हुजैफाभाईंच्या मुलीचा निकाह. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याच टपोऱ्या अक्षरात: ‘आले. पुसून ठेवले.’

“एकतीस वस्तू फिरतीवर असतात, मॅडम,” नसीबाचा चेहरा फुलला होता. “लग्नसराईत तर ही भिंत अर्धी रिकामी! पण एकोणीस वर्षांत एक वाटी हरवली नाही. आणि जात्याला दर दोन वर्षांनी मी टाकी लावून घेते. गोमा पाथरवट येतो. नाहीतर हळद नुसती भरडली जाते, दळली जात नाही.”

“टाकी म्हणजे?”

“छिन्नीनं टोचतो ना तो. दगड गुळगुळीत झाला की...”

“शंभर वर्षांच्या दगडाला तुम्ही छिन्नी लावता?”

“लावते ना!” नसीबा म्हणाली. तिला वाटलं, आता शाबासकी येतेय.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

त्या रागावल्या नाहीत. तिशीची, शांत बोलणारी बाई होती ती. त्यांनी नसीबाला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं, की संग्रहातली वस्तू इमारतीबाहेर जात नाही. बारशाला नाही, लग्नाला नाही, कशालाच नाही. तसं हमीपत्र असतं, त्यावर सांभाळणाऱ्याची सही लागते. म्हणजे नसीबाची. आणि आज दोनशे चौदाच्या दोनशे चौदा वस्तूंचे फोटो काढायचे आहेत.

“बाकीचे होईपर्यंत पाच वाजतील. तोवर जातं आणता येईल?”

“येईल की,” अजेय म्हणाला. जातं जणू त्याच्या खिशातच होतं.

शारिक, नसीबाचा धाकटा भाऊ, रसायनीच्या कारखान्यांना टेंपोनं माल पोचवायचा. पंचेचाळिशी उलटली तरी ताईसमोर त्याची कुरकुर चौथीतल्या पोराची.

“बाजी, परवा मीच सोडून आलो, आज मीच उचलून आणू? लोक येडा म्हणतील मला.”

“म्हणू देत. तुला काय ते नवीन आहे?”

“पण सही केलीस की तू पक्की, हां. सरकारी! टेंपोच्या मागं लिहून घेतो मी, सरकारी बाईचा भाऊ.”

नसीबा हसली. टेंपो कोंडाण्याच्या रस्त्याला लागला होता आणि तिला एकोणीस वर्षांपूर्वीचा असाच एक दिवस आठवत होता. तेव्हा कान्हाची आजी होती. डोळ्यांनी अजिबात दिसत नव्हतं तिला. गिरण येऊन जमाना झाला होता, जातं गोठ्यात पालथं पडलेलं, त्यावर कोंबड्या बसायच्या. अप्पांनी ते मागितलं. म्हातारी चाचपडत गोठ्यात गेली, कोंबडीला हाकललं आणि दगडावर हात ठेवून म्हणाली, “न्याल वो. पन आमच्या पोरींची हलद कशावर दलू?”

अप्पा नसीबाकडे बघायला लागले. आणि नसीबा, जिला काही अधिकारच नव्हता, पटकन बोलून गेली, “लग्न असंल तवा सांगा, आजी. मी आणून सोडीन.”

येताना एसटीत अप्पा पोट धरून हसले होते. “नसीबा, अगं मी संग्रहालय काढतोय. तू त्याचं भांडी भाड्यानं देण्याचं दुकान केलंस!” पण दुसऱ्या दिवशी लाल पुठ्ठ्याची वही त्यांनीच आणून दिली. त्यानंतर जिथं जिथं घरातली माणसं वस्तू द्यायला कचरली, तिथं नसीबानं हाच शब्द दिला. अशी एकतीस घरं झाली.

कान्हाच्या दारात मांडव उभा होता. डीजेवाला वायरी सोडत होता, त्याचं ‘हॅलो चेक, हॅलो चेक’ गावभर घुमत होतं. आत ओटीवर मात्र हळद दळणं चाललं होतं. जात्याच्या खुंट्याला आंब्याची पानं, हळकुंड आणि सुपारी लाल दोऱ्यानं बांधलेली. भोवती बायकांचं कोंडाळं, आणि धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी म्हणणारी म्हातारी, भिंतीला टेकून आपल्या लयीत गात होती.

“आली गं आली, जात्यावाली आली!” कुणीतरी ओरडलं.

“बस गं,” अनसूयाकाकी म्हणाली. ती कान्हाची आई, नवरीची आजी. हात कोपरापर्यंत पिवळे. “तुजाच हात राह्यला व्हता. लाव.”

नसीबा बसली. खुंटा धरला, काकीनं वरून धरला, दोघींनी जातं ओढलं. एक फेरा, दोन फेरे. गोमानं टाकी चांगली लावली होती, हळद मऊसूत पडत होती. सातव्या-आठव्या फेऱ्याला नसीबानं हात काढून घेतला.

“काकी, जातं न्यायला आले.”

जातं थांबलं. धवलारीण एक ओळ पुढं गेली आणि मग तीही थांबली.

“आज?”

“पाच वाजता फोटो काढायचाय. सरकारी. फोटो झाला की...”

फोटो झाला की परत आणते, असं ती म्हणणार होती. ते खरं नव्हतं. फोटोनंतर सही होती, आणि सही झाल्यावर जातं काही जिना उतरणार नव्हतं.

“फोटो झाला की ते काचंत जाईल, काकी. पुन्यांदा मिळायचं नाय. कुनालाच कायच मिळायचं नाय.”

“काचंत कशापायी?” एक बाई म्हणाली. “त्याला काय थंडी वाजतेय?”

सगळ्या हसल्या. नसीबाही हसली, पण कान्हा हसला नाही. तो मांडवातून आत आला होता. “आवो नसीबाबाय, खुंट्याला दोरा बांदलाय. मांडव उतरंपरेंत जातं जागचं हलवत नाय. तुमाला म्हाईत नाय का?”

“म्हाईत हाय रं.”

“मंग?”

अनसूयाकाकीनं नसीबाकडं नीट बघितलं. “काय व्हईल गं नेलं तर?”

“छप्पर व्हईल. मला कायमचं करतील.”

“नि नाय नेलं तर?”

“खोली जाईल.”

काकीनं खुंटा जवळ ओढला आणि लाल दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. गाठ पक्की होती, बोटं हळदीनं निसरडी झालेली. ती दातांनी सोडवायला वाकली.

“आये, काय करतेस?” कान्हा ओरडला. “आपशकून करतेस का पोरीला?”

“गप रं! एकुनीस वर्सं ही आनून सोडते. कंदी नाय म्हनली? तुज्या भनीच्या लग्नाला ताप आला व्हता हिला, तरी आली व्हती टेंपोत बसून. आज हिची गरज हाय.” काकीनं मान वर केली. तिच्या ओठाला हळद लागली होती. “हलद झाली म्हनायची, बायांनो. उटा. शारिक, ये रं बाबा, धर एक बाजू.”

शारिक पुढं झाला. बायका उठल्या. कुणी कटकट केली नाही, आणि तेच नसीबाला सोसेना. कुणी दोन शब्द सुनावले असते तर तिनं जातं खुशाल उचललं असतं.

तिनं काकीच्या हातावर हात ठेवला. “ऱ्हाऊ दे, काकी.”

“आगं पन तुजी नोकरी...”

“बांध म्हनते ना. घट्ट बांध.”

परतताना शारिकनं दोनदा विचारलं, “काय सांगणार आता?” तिनं दोन्ही वेळा “बघू” म्हटलं.

पाच वाजून गेले होते. अजेय खालीच उभा होता. त्यानं टेंपोत वाकून बघितलं, मग ताडपत्री उचलून बघितली, जसं काही जातं तिच्या घडीत लपलं असेल. मग तो नसीबाच्या पाठोपाठ तरातरा जिना चढला.

मॅडम चहा पीत होत्या. नसीबाच्या ओढणीला लागलेली हळद त्यांनी बघितली असावी, कारण कप त्यांनी खाली ठेवला.

“नाही आलं?”

“नाही, मॅडम. मांडव उतरेपर्यंत हलवत नाहीत.”

“ठीक आहे. मंगळवारी येईल म्हणालात ना? मी बुधवारी परत येते. फोटो तेव्हा काढू. तुम्ही हमीपत्रावर आज सही करा, म्हणजे फाइल अडायला नको.”

इतकं सोपं होईल असं अजेयलाही वाटलं नव्हतं. त्यानं कागद पुढं सरकवला, वर स्वतःचं पेन ठेवलं.

नसीबा बसली. कागद तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, तरी वाचला.

“सही केल्यावर पुढच्या लग्नाला द्यायचं नाही?”

“नाही.”

“अहो ताई, सही तर करा,” अजेय कळवळून म्हणाला. “पुढचं पुढं बघू. मॅडम काय रोज येऊन मोजणार आहेत?”

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

नसीबाला हे सुचलं नव्हतं असं नाही. येताना टेंपोत पहिलं हेच सुचलं होतं. सही करावी, मागच्या जिन्यानं वस्तू द्यावी, मागच्या जिन्यानं परत घ्यावी. पण ती वहीत कशी लिहायची? वहीत लिहिता येणार नाही असं तिनं आजवर काही दिलं नव्हतं.

“मॅडम, यादीतल्या एकतीस वस्तू काढून टाका,” ती म्हणाली. “त्या आपल्या नाहीतच. ठेवायला घेतल्यात. मी ज्यांच्या त्यांना पोचवते. उरलेल्या एकशे त्र्याऐंशींवर लगेच सही करते.”

खाली वाचनालयात कुणीतरी वर्तमानपत्राची पानं उलटत होतं, ते वर ऐकू आलं.

“ताई,” मॅडम म्हणाल्या, “त्या एकतीस वस्तूंमुळेच तुमचा अर्ज इथवर आला. बाकी काय आहे? कंदील, डबे, तुटकी मापं. त्या काढल्या तर मंजूर होणार नाही. मी चांगलंच लिहीन, पण होणार नाही.”

“बरं.”

“बरं काय?”

“लिहा.”

अजेय खुर्चीवरून उठला आणि परत बसला. “अप्पा असते ना, तर त्यांनी सही केली असती!”

“केली असती,” नसीबा म्हणाली. “ते इतिहासाचे सर होते. शब्द मी दिलाय.”

तिनं यादी ओढून घेतली, पट्टी ठेवली आणि एकेका वस्तूवर सरळ रेघ मारायला सुरुवात केली. सतराव्या आकड्याशी तिचा हात जरा रेंगाळला. मग तीही रेघ इतर रेघांइतकीच सरळ आली. मॅडम शेवटपर्यंत थांबल्या. जाताना त्या नमस्कार करून गेल्या, आणि अजेय मात्र न बोलता गेला.

वस्तू पोचवायला तीन रविवार लागले. सगळीकडे आनंदीआनंद झाला असं कुणी समजू नये. खालापूरच्या एका सुनेनं दारातच सांगितलं, आमच्या फ्लॅटमध्ये हे घंगाळ ठेवू कुठं, गॅलरीत वॉशिंग मशिन आहे. झिनतखालांनी तबक उलटसुलट करून पाहिलं आणि नीट पुसलं नाही म्हणून तक्रार केली. एका घराला कुलूप होतं, माणसं बदलापूरला राहायला गेलेली. शेजाऱ्यांनी समया ठेवून घेतल्या. नसीबानं प्रत्येक घरातून वहीत सही घेतली, नाहीतर अंगठा. ‘आले’च्या जागी तिनं पहिल्यांदाच ‘गेले’ लिहिलं.

मार्चच्या मध्यावर पत्र आलं. संग्रह अपुरा असल्याने प्रस्ताव मान्य करता येत नाही. चार ओळी, खाली शिक्का. महिनाअखेर जिल्ह्याची गाडी आली आणि उरलेल्या एकशे त्र्याऐंशी वस्तू खोक्यांत भरून घेऊन गेली. नसीबानं स्वतः वर्तमानपत्रात एकेक डबा, एकेक कंदील गुंडाळला. गाडीतल्या माणसांना ती सांगत होती, हे आडवं ठेवू नका, याचं झाकण सैल आहे. त्यांनी हो हो म्हणत आडवंच ठेवलं.

एप्रिलात माडीवर लांब टेबलं आली, पंखे आले. चाळीस मुलंमुली तिथं अभ्यासाला बसू लागली. भिवपुरीहून यायची, नेरळहून यायची, डबा घेऊन दिवसभर बसायची. समितीनं नसीबाला काढलं नाही. दार उघडायचं, हजेरीवर सह्या घ्यायच्या, पंखे बंद करायचे आणि कुणी बोललं तर बोट ओठांवर ठेवायचं, हे तिचं काम. मुलं तिला मावशी म्हणायची. अजेय एक दिवस वर आला, भरलेली टेबलं बघून समाधानानं मान हलवली आणि जाताना तिला म्हणाला, “ताई, सावलीत बसा जरा, ऊन येतंय तुमच्यावर.” एवढं बोलायला त्याला दोन महिने लागले.

मे महिन्यात, दुपारी, डोंगरातल्या कुठल्या तरी वाडीवरची एक बाई जिना चढून वर आली. अनवाणी होती, घामाघूम झालेली. दारात उभी राहून ती इकडे बघे, तिकडे बघे. टेबलं, पुस्तकं, खाली माना घातलेली पोरं.

“उखल पायजे व्हता,” ती मोठ्यानं म्हणाली. “घाना भरायचाय. पोराचा लगीन हाय.”

चाळीस माना वर झाल्या. कुणीतरी फिसकन हसलं. नसीबानं बोट ओठांवर ठेवलं, ते पोरांकडे बघून. मग ती उठली आणि बाईला हाताला धरून खाली रस्त्यावर घेऊन आली.

“उखळ हितं नाय आता. ज्याचा त्याला दिला. दहिवलीत हाय, जगदीशकडं. पूल म्हाईत हाय ना? पूल उतरलीस की डाव्या हाताला गल्ली. गल्लीत तिसरं घर, निळं गेट. दारात दोन पपया हायत. कुत्रा हाय, पन चावत नाय.”

“देतील का मला?”

“देतील. वरच्या नसीबानं पाठवलंय म्हनून सांग. नि नेशील तसा पुसून आनून दे, त्याला तेल लाव जरासं. कोरडा ठेवलास तर तडकंल.”

बाईनं सगळं एकदा पुटपुटून घेतलं. पूल, डावा हात, निळं गेट. पदर डोक्यावर ओढला आणि उन्हात चालायला लागली.

वरून कुणीतरी हाक मारली, “मावशी, पंखा बंद पडलाय!”

“आले रे,” नसीबा म्हणाली, पण हलली नाही. ती बाई पुलापर्यंत गेली. पूल उतरली. पलीकडे क्षणभर थांबली, आधी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं.

ती डावीकडं वळली, तेव्हा नसीबा जिना चढायला लागली.